काका आले की चालणारा पंप

आधी माफी मागतो. कामाचे अनुभव लिहायचे तर माणसाची निदान वीस वर्षं नोकरी झालेली असावी. माझं सहा महिन्यांचं ट्रेनिंग आहे आणि तेही अजून संपलेलं नाही. इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरातून माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नाही, त्यामुळे लिहिलेलं तपासून घ्यायला घरात कुणी नाही. चुका राहिल्या असतील. आमचे सर म्हणाले, "जे पाहिलंस तेवढंच लिही." मी पाहिलं ते एका बोटीच्या तळात पालथं पडून पाहिलं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

"चालला का?" ज्यांच्या हाताखाली मी काम शिकतो ते रफीकभाई वरून विचारत होते.

मी फळीखाली हात घालून बोटाएवढी प्लास्टिकची एक पट्टी वर उचलली. घर्रर्र आवाज आला. बोटीच्या बाजूच्या नळीतून पाण्याची धार बाहेर पडली.

"चालला, भाई."

"मग झालं." रफीकभाईंनी हात झटकले. "भागवतकाका, पंप एकदम ओके आहे."

भागवतकाका सुकाणूपाशी बसले होते. ही बोट त्यांची. त्यांनी धारेकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"आत्ता चालंलच की. तुमी आलाय ना. तुमच्या म्होरं लई शाना हुतो त्यो."

ज्यांनी बोट आतून पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बोट कितीही चांगली असली तरी तिच्यात थोडं पाणी येतंच. इंजिनाचा दांडा जिथून बाहेर पंख्याकडे जातो तिथे दोरीसारखं पॅकिंग असतं. ते फार आवळलं तर दांडा तापतो, म्हणून थोडं सैल ठेवतात आणि तिथून थेंब थेंब पाणी आत गळतं. हे पाणी, पावसाचं पाणी, लोकांच्या पायांचं पाणी, सगळं बोटीच्या सगळ्यात खालच्या भागात जमतं. त्या भागाला बिल्ज म्हणतात. काका त्याला पोट म्हणतात. ते पाणी बाहेर फेकणारा छोटा बारा व्होल्टचा पंप म्हणजे बिल्ज पंप. आणि मी उचलली ती पट्टी म्हणजे फ्लोट स्विच. पाणी वाढलं की पट्टी तरंगून वर येते, पंप चालू. पाणी उतरलं की पट्टी खाली, पंप बंद. माणसाची गरज नाही. म्हणूनच त्याला ऑटोमॅटिक म्हणायचं.

आमचं वर्कशॉप केडगावला आहे. आम्ही मुख्यतः विहिरीच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरतो, मोटार चालू-बंद करायची पेटी म्हणजे स्टार्टर दुरुस्त करतो. बोटीचं काम आमच्याकडे हे पहिलंच. काकांचं गाव शेवगाव तालुक्यात, जायकवाडी धरणाच्या मागे पसरलेल्या पाण्याच्या, म्हणजे फुगवट्याच्या काठाला. पलीकडे एक वाडी आहे. वाडीतली माणसं बाजाराला, दवाखान्यात, मुलं शाळेला, सगळी काकांच्या बोटीतून येतात. रस्त्याने यायचं तर पाण्याला पूर्ण वळसा घालावा लागतो. त्यात अर्धा दिवस जातो. मागच्या पावसाळ्यात ही बोट काठाला बांधल्या जागी बाकापर्यंत बुडाली होती. आत कुणी नव्हतं, पण बातमी वर गेली. तपासणीच्या साहेबांनी सांगितलं, ऑटोमॅटिक पंप बसवा, नाहीतर प्रवासी नेण्याचा परवाना पुढे मिळणार नाही. पंप आम्ही बसवला. साहेब येत्या शुक्रवारी सकाळी आठला येणार होते. पहिली फेरी सुटायच्या आत, कुणी बोटीला हात लावायच्या आत, ते आत वाकून पाहणार होते.

आणि पंप बसवून पंधरा दिवस झाले तरी काका रोज सकाळी आले की बोटीत फळीपर्यंत पाणी असायचं.

"मी येतो, पानी बघतो, शिव्या घालतो, मग हा चालू हुतो," काका म्हणाले. "मालकाला वळखतो जनू."

रफीकभाई हसले. मीही हसलो. तो सोमवार होता.

मंगळवारी सकाळी वर्कशॉपचा फोन वाजला. रफीकभाई ऐकत राहिले. फोन ठेवला आणि माझ्याकडे वळले.

"परत पाणी. विकास, उद्या तू जा."

"मी एकटा?"

"मग? कॉलेजात टेस्टिंग शिकवलं का नाही? मला इथं चार मोटारी द्यायच्यात."

खरं सांगायचं तर कॉलेजात आम्हाला टेस्टिंगची व्याख्या शिकवली होती. ती मला पाठ होती. तिचा बोटीत काय उपयोग होतो ते माहीत नव्हतं. पण एक गोष्ट मला सोमवारपासून खटकत होती. आपण पट्टी बोटाने उचलली. म्हणजे तपासलं काय? वायर आणि पंप. पाण्याने पट्टी उचलली जाते का, ते तपासलंच नाही. हे भाईंना सांगायची माझी हिंमत झाली नव्हती. बुधवारी मी मल्टीमीटर, पकड, एक वही आणि भाईंची मोटारसायकल घेऊन निघालो.

पोचलो तेव्हा दहा वाजले होते. काका पहिली फेरी करून आले होते. बोट कोरडी होती. काकांची बायको, म्हणजे मीराकाकू, काठावर जाळं निवडत बसल्या होत्या. दोघं फावल्या वेळात मासेमारीही करतात. मी काकूंकडे बादली मागितली.

"कशाला रं?"

"बोटीत पाणी ओतायचंय."

काकूंनी हातातलं जाळं खाली ठेवलं. वाडीला जायला बसलेली एक म्हातारी बाई ओरडलीच, "अगं मीरे, लोकं होडीतलं पानी काढत्यात, आन् हे लेकरू वतायलंय! कुनी पाठिवलं ह्याला?"

"केडगाववरनं आलंय," काकू म्हणाल्या. "इंजिनेर हाय."

"मंग बरुबर हाय."

सगळे हसले. मी कान तापलेले असताना बादल्या ओतल्या. तिसरी बादली अर्धी झाली तेव्हा पट्टी हळूच उठली आणि पंप सुरू झाला. मी वहीत लिहिलं. पाणी उतरल्यावर पंप आपोआप बंद झाला. तेही लिहिलं. पुन्हा ओतलं, पुन्हा चालला. तीनदा केलं. तिन्ही वेळा अडीच बादल्यांना चालू.

म्हणजे पाण्यानेही चालत होता. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी वहीतल्या तिन्ही नोंदी परत परत वाचत बसलो. जे बिघडलेलंच नाही ते दुरुस्त कसं करायचं?

मग मी एकेक शंका घेतली. पहिली शंका, कचरा. जाळ्याचा तुकडा, जलपर्णीची मुळं, माशाचे खवले पट्टीखाली अडकत असतील. मी सगळं बिल्ज हाताने चाचपून साफ केलं. मूठभर खवले निघाले आणि एक दहा रुपयांचं नाणं. नाणं काकांना दिलं. मग मुद्दाम खवले परत टाकून पाणी ओतलं. चालला.

दुसरी शंका, कल. मोकळी बोट काठाला बांधली की तिचं नाक चिखलात वर चढतं. पाणी पार मागच्या टोकाला सरकून स्विच त्याच्या पुढे कोरडा राहत असेल. दुपारच्या फेरीला सात-आठ माणसं होती. मी काकांना म्हणालो, "काका, यांना पाच मिनिटं मागच्या बाजूला उभं करता येईल का?"

"येडा हायेस का? बुडवतो का आमाला?"

"काठालाच आहोत, काका. गुडघाभर पाणी आहे."

माणसं कुरकुरत मागे सरकली. सकाळची म्हातारी बाई अजून वाडीला परतायची होतीच. ती म्हणाली, "इंजिनेर, आता नाचू का?" नाक वर आलं. पाणी मागे गेलं. पण ते स्विचपाशीच साचलं आणि उलट दोन बादल्यांनाच पंप चालू झाला.

तिसरी शंका, करंट कमी पडत असेल. मीटर लावला. बॅटरी साडेबारा व्होल्टच्या वर. उत्तम. वायरचे जोड ओढून पाहिले. घट्ट. फ्यूज काढून पाहिला. चांगला.

चार वाजले. दिवसभरात मी तो पंप एकोणीस वेळा चालू केला होता आणि एकदाही तो चुकला नव्हता. वहीचं पान भरलं होतं. काका बाकावर आडवे होऊन माझ्याकडे पाहत होते.

"परवा सायेब येनार," ते म्हणाले. त्यांचा आवाज आता थट्टेचा नव्हता. "सकाळी आत पानी दिसलं की संपलं. वाडीतल्या पोरी दहावीला हायेत. त्यांचे बाप मला इचारत्यात, होडी ऱ्हाईल ना? काय सांगू?"

मी म्हणालो, "काका, तुम्ही शेवटची फेरी करून बोट बांधता ते मला बघू द्या. तोवर थांबतो."

"बघ की. बांधनं ते बांधनं. त्यात काय बघायचं?"

सहाला शेवटची फेरी आली. माणसं उतरली. काकांनी इंजिन बंद केलं, पुढचा दोर खुंट्याला बांधला, मागचा नांगर टाकला. मी प्रत्येक गोष्ट वहीत लिहीत होतो. दोर, नांगर, फळ्या. तेवढ्यात काकू चढावरून उतरून आल्या. त्यांच्या हातात पकड आणि डोक्यावरच्या ओझ्याखाली घ्यायची लुगड्याची चुंबळ होती. त्या सरळ इंजिनापाशी गेल्या, दोन नट सोडवले आणि बॅटरी बाहेर काढली. काकांनी हात दिला. बॅटरी चुंबळीवर चढायच्या बेतात होती.

मला वाटलं, एवढं ओझं काकूंनी एकटीने का न्यावं? मी वही खिशात घातली आणि म्हणालो, "काकू, द्या इकडे. मी घेतो."

"घे बाबा. लई जड हाय."

मी बॅटरी दोन्ही हातांनी धरून चढ चढू लागलो. काकू पुढे, मी मागे. काकू सांगत होत्या की त्यांच्या भाच्यालाही इलेक्ट्रिकलला घालायचंय. मी व्हय व्हय म्हणत होतो. अर्धा चढ झाला. हात भरून आले म्हणून मी बॅटरी एका दगडावर टेकवली आणि तिच्याकडे पाहिलं.

मी बॅटरीकडे पाहिलं, मग खाली बोटीकडे पाहिलं, मग परत बॅटरीकडे.

"काकू," मी म्हणालो, "ही रोज घरी नेता?"

"मंग? हितं ठिवली तर सकाळी दिसंल का? दोन गेल्या आमच्या. तवापासून रोज संध्याकाळी न्हेते, सकाळी आनते."

"आणि पंप?"

"पंप नट-बोल्टानं बसिवलाय की. त्यो कशाला कोन न्हील?"

मी तिथेच चढावर बसलो. पंप बारा व्होल्टवर चालतो. बारा व्होल्ट काकूंच्या डोक्यावर बसून रोज संध्याकाळी घरी जात होते. बोटीला पंपाची खरी गरज कधी? माणूस नसताना. आणि माणूस नसताना बॅटरी नाही. सकाळी काकू बॅटरी आणायच्या, काका इंजिन चालू करायला ती जोडायचे, पंपाला करंट मिळायचा आणि तो बिचारा लगेच रात्रभराचं पाणी काढायला लागायचा. काकांना वाटायचं, मालकाला ओळखतो.

आता तुम्ही म्हणाल, काकांनी आधी सांगितलं का नाही? मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण मग माझे वडील आठवले. आमच्या भावकीच्या सामाईक विहिरीवर मोटार आहे. वडील रोज संध्याकाळी स्टार्टरचे फ्यूज काढून खिशात घालतात आणि घरी आल्यावर भिंतीतल्या दिवळीत ठेवतात. आमच्याकडे सगळेच ठेवतात. वर्कशॉपला येणारी गिऱ्हाइकं अख्खा स्टार्टर पिशवीत घालून फिरतात. बॅटरी घरी नेणं म्हणजे चपला दाराशी काढण्यासारखं आहे. ते कुणी मुद्दाम सांगत नाही. शहरातला एखादा मुलगा ते बघून लगेच चमकला असता. मी बघितलं आणि उचलायला हात पुढे केला.

खाली येऊन मी रफीकभाईंना फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडे वर्कशॉपमधली ठोकाठोक थांबली.

"भाई?"

"ऐकतोय. विकास, मी पंप बसवायला गेलो होतो ना, संध्याकाळी निघताना तीच बॅटरी मी माझ्या हाताने काकूच्या डोक्यावर चढवून दिली होती." आणि ते एवढे हसले की फोन कानापासून लांब धरावा लागला. मग गंभीर होऊन म्हणाले, "बॅटरी तिथे ठेवायला सांगू नको. ती जाणारच. उद्या मी येतो."

गुरुवारी भाई मोटारसायकलची एक छोटी सीलबंद बॅटरी घेऊन आले. एवढ्याशा पंपाला रात्रभरात काही मिनिटंच चालायचं असतं, त्याला ती पुरते. दिवसा इंजिन चालू असताना मोठ्या बॅटरीबरोबर तीही चार्ज व्हावी आणि मोठी काढून नेली तरी तिने एकटीने पंप चालवावा, अशी जोडणी केली. तिची वायर इंजिनाच्या चावीला अजिबात न विचारता फ्लोट स्विचमार्गे सरळ पंपाला. प्रश्न एकच उरला. ही बॅटरी कशी टिकवायची?

"लोखंडी पेटी करू, कुलूप लावू," भाई म्हणाले.

"कुलूप बघितलं की चोराला वाटंल, आत कायतरी हाय," काकू म्हणाल्या. "त्यापरीस मी सांगते तसं करा."

त्यांनी मागच्या बाकाखाली माशांचा जुना, कोपरा फुटलेला थर्माकोलचा खोका ठेवला. बॅटरी त्यात. हवा खेळायला फुटका कोपरा होताच. वर न धुतलेली, फाटकी जाळी. त्या जाळ्यांचा वास सांगून समजणार नाही. भाईंनी नाकाला रुमाल लावला.

"ह्याला चोर काय, मीपन हात लावीत न्हाई," काका म्हणाले.

मग मी टेस्ट घेतली. या वेळी दिवसा नाही, माणसं असताना नाही. शेवटची फेरी झाल्यावर, मोठी बॅटरी काकूंच्या डोक्यावरून पार चढाच्या वर दिसेनाशी झाल्यावर मी बोटीत एकटा गेलो आणि बादल्या ओतल्या. एक. दोन. तिसरी अर्धी झाली आणि घर्रर्र आवाज झाला. मी वहीत विसावी नोंद केली. काका काठावर उभे होते. खाली आले आणि माझ्या हातातली बादली घेऊन बाजूला ठेवली.

शुक्रवारी सकाळी बोट कोरडी होती. काका आंघोळ करून, टोपी घालून सातपासून उभे. वाडीतली माणसंही पलीकडच्या काठाला जमलेली. आठ वाजले, दहा वाजले. साहेब आलेच नाहीत. दुपारी निरोप आला की दुसरीकडे काम निघालं, नंतर कळवू. तोवर परवाना आहे तसा, म्हणजे अर्धवट लटकलेला.

माझी परीक्षा जवळ आली. मी वर्कशॉपमधून सुट्टी घेऊन हॉस्टेलला परतलो. दोन-तीनदा भाईंना विचारलं. "काही कळलं नाही रे, अभ्यास कर," एवढंच. मधे सलग दोन दिवस अवकाळी पाऊस झाला तेव्हा मात्र माझं पुस्तकात लक्ष लागेना. टेस्टला मी अडीच बादल्या ओतल्या होत्या. आभाळ किती बादल्या ओततं ते कुणी मोजलंय?

एक शिकलो ते इथे लिहून टाकतो. यंत्र ज्या वेळी आणि ज्या अवस्थेत काम करणार आहे, त्याच वेळी आणि त्याच अवस्थेत ते तपासावं. हे पुस्तकातही असेल, पण मला ते चढावर कळलं. रफीकभाईंनी आता आमच्या तपासणीच्या फॉर्मवर व्होल्टेजच्याही आधी एक प्रश्न लिहायला लावला आहे: संध्याकाळी काय काढून घरी नेता? गिऱ्हाइकं तो वाचून हसतात आणि मग खरं उत्तर देतात.

शेवटचा पेपर देऊन बाहेर आलो तेव्हा मोबाईलवर अनोळखी नंबरचे चार मिस्ड कॉल होते. लावला. मीराकाकू होत्या.

"आरं, हायेस कुठं? सायेब येऊन गेला. न कळवता आला. पाऊस उघडला त्याच्या दुसऱ्या दिशी, सकाळी सातलाच."

"मग? काका होते का?"

"कुठले! ह्ये शिर्डीला लग्नाला गेल्तं, पावसात तितंच अडाकलं. होडी दोन दिस जाग्यावरनं हालली नव्हती. मी पळत पळत खाली गेले तर सायेब आत उतारल्याला, फळी उचलून बघतोय."

"पाणी होतं?"

"थांब की जरा! सायबानं हात घातला आत. हात वर काढून बघितला. मंग मला म्हनतो, बाई, दोन दिवस येवढा पाऊस झाला, पानी कुठंय? मी म्हनलं, पंपानं काढलं. मंग इंजिनाकडं बघतो न म्हनतो, हितं तर बॅटरीच न्हाई. बॅटरी कुठंय? मी म्हनलं, घरी. मंग पंप कशावर चालला? मी बाकाखालची जाळी वर केली. त्यो मागं सरला, नाकाला हात लावून. म्हनला, असू द्या, असू द्या, झाका ते."

"मग, काकू? परवाना?"

"त्येनं कागद काढला, पेन हातात घेऊन नुसताच बघत बसला. म्हनला, आता ह्यात काय लिवू? मी म्हनलं, बॅटरी घरी हाय, पंप हितं हाय, होडी कोरडी हाय. लिवा. आन् तसंच लिवून परवान्यावर सई केली की रं त्येनं."